उपग्रहाला जालन्याचं आभाळ कसं दिसतं?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावाहून जुलै महिन्यात फोन आला की तो कशासाठी आहे, हे मला न उचलताच कळतं. काका विचारतात, "बापू, टीव्हीवर आपल्या डोक्यावर सगळं पांढरं दाखवायलेत. इथं तर ऊन पडलंय, आभाळ नुसतं दुधाळ. ह्याच्यातलं खरं कोणतं धरायचं?" आणि मग आवाज थोडा खाली आणून, "सरकी लावून दहा दिवस झाले बघ."

या प्रश्नाची गंमत अशी, की दोन्ही खरं असतं. टीव्हीवरचं चित्र खोटं नसतं आणि काकांचे डोळेही खोटे नसतात. या दोन खऱ्या गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हेच माझं रोजचं काम आहे. गावात काही जणांना वाटतं की मी उपग्रह सोडतो. तसं काही नाही. उपग्रहाची नक्कल करणारे प्रोग्राम असतात, ते मी लिहितो, दुरुस्त करतो. इंग्रजीत त्यांना सिम्युलेटर म्हणतात. आपण सोयीसाठी 'नकली उपग्रह' म्हणू.

अस्सल उपग्रह वर फिरत असताना नकली कशाला हवा, असं तुम्ही म्हणाल. त्यासाठी आधी अस्सल उपग्रहाला काय दिसतं ते पाहायला हवं.

उपग्रहाला ढग दिसत नाही. त्याला दिसतो फक्त प्रकाश किंवा उष्णता. आपल्या इन्सॅट मालिकेतले उपग्रह जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटरवर, विषुववृत्ताच्या माथ्यावर, एका जागी थांबल्यासारखे असतात. इन्सॅट-३डी २०१३ मध्ये गेला, इन्सॅट-३डीआर २०१६ मध्ये आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये. रात्री-अपरात्री दिसणारं जे चित्र असतं ते अवरक्त किरणांचं, म्हणजे उष्णतेचं. ज्या ठिकाणाहून उष्णता कमी येते ते थंड, आणि थंड म्हणजे उंच, अशी त्यामागची समजूत. पावसाळ्यात उणे साठ अंशांचा माथा असला तर तो ढग तेरा-चौदा किलोमीटर उंच गेलाय, असं धरतात. एवढा उंच वाढलेला ढग बहुतेक वेळा पाऊस देतो. म्हणून चित्रात थंड ते पांढरं, आणि पांढरं म्हणजे पाऊस, अशी आपली सवय झाली आहे.

सह्याद्रीच्या पलीकडे ही सवय फारशी अडचणीत आणत नाही. आमच्याकडे मात्र ती फसवते. जालना जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाचा पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतबाहेर. पावसाळ्यात खालचं वारं पश्चिमेकडून येतं, पण बारा-पंधरा किलोमीटर उंचीवरचं वारं नेमकं उलटं, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतं. विदर्भात किंवा छत्तीसगडकडे मोठा गडगडाटी ढग उभा राहिला की त्याच्या माथ्याचा बर्फाळ पिसारा हे वरचं वारं ओढत आपल्याकडे आणतं. पाऊस तिकडेच पडून गेलेला असतो, इकडे येते ती नुसती बर्फाच्या कणांची पातळ चादर. खालून पाहणाऱ्याला दुधाळ आभाळ, वरून पाहणाऱ्याला थंड, पांढरा पट्टा. काकांचा प्रश्न इथून सुरू होतो.

चादर आणखी पातळ झाली की वेगळाच घोटाळा होतो. समजा जमीन तीस अंशांवर आहे, चादर उणे साठ अंशांवर आहे आणि ती खालची निम्मी उष्णता आरपार सोडते. उपग्रहाला दोन्हींची सरमिसळ मिळते. हिशेब केला तर त्याला शून्याच्या थोडं खालचं, उणे चार-पाच अंश तापमान वाटतं. तो म्हणतो, ढग पाच-सहा किलोमीटरवर आहे. तिथे तर काहीच नाही! खाली शेत, वर चौदा किलोमीटरवर चादर, आणि उपग्रहाच्या वहीत नोंद झाली मधल्याच एका ढगाची, जो अस्तित्वातच नव्हता.

आणखी एक. उपग्रह विषुववृत्तावर आणि जालना जवळपास वीस अंश उत्तरेला, त्यामुळे तो आपल्याकडे तिरका बघतो. जालना शहराच्या अगदी डोक्यावर पंधरा किलोमीटर उंचीचा ढग असेल, तर चित्रात त्याचा माथा सहा-सात किलोमीटर उत्तरेला सरकलेला दिसतो. तालुका पातळीवर बोलायचं तर हे अंतर फार नाही. गावपातळीवर बोलायचं तर गाव बदललं.

आता दुसऱ्या बाजूला येऊ. हवामानाचा अंदाज संगणकावरच्या मॉडेलमधून निघतो. मॉडेल म्हणजे पृथ्वीभोवतीची हवा चौकोनांत आणि थरांत कापून, प्रत्येक तुकड्यात वारा किती, वाफ किती, पाणी किती, बर्फ किती याचं गणित पुढे पुढे सोडवत जाणं. जालना जिल्ह्याचं क्षेत्रफळ साधारण ७,७०० चौरस किलोमीटर. जुन्या हवामानबदलाच्या मॉडेलांत एकेक चौकोन शंभर-शंभर किलोमीटरचा असे. म्हणजे भोकरदनपासून मंठ्यापर्यंत अख्खा जिल्हा एका चौकोनात मावून वर जागा उरायची. बारा किलोमीटरच्या चौकोनांत जिल्ह्याचे पन्नासेक तुकडे होतात. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टिम' पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं घडवली. तिचा चौकोन सहा किलोमीटरचा, म्हणजे आपल्या वाट्याला दोनशेहून थोडे जास्त तुकडे.

मॉडेलचे ढग बरोबर आहेत की नाहीत, हे तपासायचं कसं? उपग्रहाशी ताडून. पण मॉडेल बोलतं ग्रॅममध्ये: एक किलो हवेत इतके ग्रॅम पाणी. उपग्रह बोलतो उजेडात आणि उष्णतेत. एकानं पायलीनं मोजलं आणि दुसऱ्यानं रुपयांनी, तर ज्वारी जास्त कुणाची हे कसं ठरणार?

पूर्वी रीत अशी होती की उपग्रहाच्या उष्णतेवरून ढगातलं पाणी ओळखायचं. पण त्यात मघाशी सांगितलेल्या सगळ्या चुका येतात. मग १९९० च्या दशकात काही शास्त्रज्ञांनी उलटा विचार केला. उपग्रहाला मॉडेलची भाषा शिकवण्यापेक्षा मॉडेललाच उपग्रहाची भाषा शिकवू. मॉडेलच्या आभाळावर एक नकली उपग्रह बसवायचा आणि विचारायचं, तुझ्या या ढगांकडे अस्सल उपग्रहानं पाहिलं असतं तर त्याला काय दिसलं असतं? १९८३ पासून जगभरच्या उपग्रहांतून ढगांची नोंद ठेवणारा एक आंतरराष्ट्रीय प्रकल्प चालू होता. त्याच्यासाठी पहिला असा प्रोग्राम गाजला. पुढे रडारचा, लेसरचा, निरनिराळ्या कॅमेऱ्यांचा असे नकली उपग्रह एका गाठोड्यात बांधून 'कॉस्प' नावाचा संच तयार झाला. त्याची सविस्तर ओळख करून देणारा लेख २०११ मध्ये आला. जगातली बहुतेक मोठी हवामानकेंद्रं तो वापरतात, आणि तो फुकट मिळतो. फोर्ट्रान भाषेत आहे. ही भाषा १९५७ ची, म्हणजे माझ्या वडिलांच्या पिढीची. आमच्या धंद्यात मात्र अजून तिच्यावाचून पान हलत नाही.

हा नकली उपग्रह काम कसं करतो, ते थोडं खोलात सांगतो, कारण खरी खुबी तिथेच आहे.

मॉडेल सांगतं: या चौकोनात दोन किलोमीटरवर निम्म्या भागात ढग, दहा किलोमीटरवर निम्म्या भागात ढग. कुठल्या निम्म्या भागात, ते सांगत नाही. खळ्यावर दोन ताडपत्र्या टाकल्या, प्रत्येकीनं अर्धं खळं झाकतं. एकीवर एक टाकली तर अर्धंच खळं झाकलं जाईल. शेजारी-शेजारी टाकली तर पूर्ण. डोळे मिटून कशीही भिरकावली तर सरासरीनं पाऊण. वरून बघणाऱ्याला या तिन्ही वेळी वेगळं चित्र दिसणार आणि पाणी मात्र तेवढंच. म्हणून प्रोग्राम चौकोनाच्या आत पन्नास-शंभर बारीक उभे स्तंभ पाडतो आणि त्यांत ढग वाटून देतो. लागून असलेले थर एकाच ढगाचे धरून एकावर एक रचतो, मध्ये कोरडी फट असेल तर फासे टाकल्यासारखे सोडतो. मग एकेका स्तंभाकडे उपग्रहाच्या नजरेनं बघतो. पातळ चादरीखाली ढग असेल तर अस्सल उपग्रह जशी चूक करतो तशीच चूक हाही करतो, आणि मधल्या उंचीवर नसलेला ढग लिहून मोकळा होतो. चूक मुद्दाम केलेली असते. दोन्हीकडे सारखीच चूक झाली की मग उरलेला फरक मॉडेलचा.

हे मला सहज पटलं नव्हतं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी मराठवाड्यावरचे मॉडेलचे ढग सरळ उपग्रहाच्या आकड्यांशी ताडले आणि मोठ्या उत्साहानं अहवाल लिहिला, की मॉडेल वरच्या थरात फार ढग बनवतंय. आमच्या वरिष्ठांनी तो वाचला आणि एवढंच विचारलं, "यातले किती ढग उपग्रहाला दिसण्याइतके दाट आहेत?" मी नकली उपग्रह लावून पुन्हा गणित केलं. जास्तीच्या ढगांतला बराचसा भाग नाहीसा झाला. ते ढग मॉडेलमध्ये होते, कदाचित आभाळातही होते, पण इतके विरळ की अस्सल उपग्रहाला ते कधी दिसलेच नव्हते. मॉडेलला उगाच दोष दिला होता. अहवाल मागे घ्यायला लागला. त्याची लाज बरेच दिवस पुरली.

यंत्राला काय दिसतं यापेक्षा काय दिसत नाही, हे लिहिणं अवघड असतं. रडारचंच घ्या. 'क्लाउडसॅट' आणि 'कॅलिप्सो' हे दोन जोड-उपग्रह २८ एप्रिल २००६ रोजी एकाच रॉकेटनं गेले. पहिल्यात रडार, दुसऱ्यात लेसर. रडारची लहर थेंबावर आपटून परत येते, पण परतीचा आवाज थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतो. म्हणजे काय? ढगातला साधा थेंब मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा असतो. त्याच्या दहापट मोठा भुरभुरीचा थेंब घेतला तर त्यात पाणी हजार थेंबांचं, पण रडारला त्याचा आवाज ऐकू येतो दहा लाख थेंबांएवढा. एक मोठ्यानं बोलणारा माणूस अख्खी सभा झाकून टाकतो, तसं. त्यामुळे मॉडेलमध्ये पाणी अगदी बरोबर असलं, पण थेंबांचा आकार चुकला, तर नकली रडार लगेच बोंब मारतं. जगातल्या अनेक मॉडेलांची एक खोड अशीच उघडी पडली: ती पाऊस फार वेळा पाडतात आणि फार हलका पाडतात. प्रत्यक्षात पाऊस कमी वेळा पडतो, पण पडतो तेव्हा जोरात. आमच्या भागातल्या कुणालाही हे रडारशिवाय सांगता आलं असतं, हा भाग वेगळा.

लेसरचं उलट. त्याला विरळातली विरळ बर्फाची चादर आणि धुळीचे कणसुद्धा दिसतात, पण दाट ढगात शिरला की थोड्याच अंतरात त्याचा उजेड संपतो. रडारला वरची चादर दिसत नाही, आणि जमिनीजवळच्या शेवटच्या किलोमीटरभरात जमिनीच्या प्रतिध्वनीपुढे काही ऐकू येत नाही. नकली उपग्रहात ही सगळी आंधळेपणं जशीच्या तशी घालावी लागतात. क्लाउडसॅटची बॅटरी २०११ मध्ये बिघडली आणि त्यानंतर तो फक्त दिवसा काम करू लागला. मग नकली क्लाउडसॅटलाही त्या वर्षांसाठी रात्रीची सुट्टी द्यावी लागते! त्यात त्याची नजर जेमतेम दीड किलोमीटर रुंदीच्या पट्ट्यावर. जालना जिल्ह्यावरून तो वर्षात गेला तरी मोजक्या वेळा, तेही एका रेषेत. २०२३ मध्ये दोघांचंही काम थांबलं, पण त्यांनी सतरा वर्षांत जमवलेल्या नोंदी अजून वापरात आहेत.

एरोसोलची कथा याहून नाजूक आहे. हवेत तरंगणारे सूक्ष्म कण म्हणजे एरोसोल. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये उडणारी माती, वेचणी झाल्यावर बांधावर पेटवलेल्या पऱ्हाट्यांचा धूर, चुलीचा धूर, गाड्यांचा, भट्ट्यांचा, हे सगळं त्यात आलं. ढगाचा प्रत्येक थेंब अशाच एखाद्या कणावर धरतो. कणच नसते तर ढग झाला नसता. पण कण फार झाले तर तेवढंच पाणी जास्त जणांत वाटलं जातं, थेंब बारीक राहतात, ढग जास्त चमकतो आणि पावसाला उशीर होतो. लग्नात पंगत वाढली आणि आमटी तेवढीच, तसं. शॉन टूमी या शास्त्रज्ञानं १९७४ मध्ये या चमकण्याकडे लक्ष वेधलं. पर्जन्यछायेत ढगाचं आयुष्य आधीच थोडं. उशीर झाला की ढग न बरसता विरून जाण्याची शक्यता असते. म्हणून कणांचं मोजमाप आपल्यासाठी केवळ प्रदूषणाचा विषय नाही.

मोजताना अडचण ही, की ढगाखालचे कण उपग्रहाच्या कॅमेऱ्याला दिसतच नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये जालन्यावरचे बरेच दिवस ढगाळ, म्हणजे ते दिवस त्याच्या हजेरीपटात कोरेच. जे मोजके निरभ्र दिवस मिळतात ते बहुधा पावसाच्या खंडातले, कोरडे, धुळकट. त्यांची सरासरी काढली तर ती पूर्ण महिन्याची नव्हे, फक्त उघडीपीची. शिवाय ध्रुवावरून फिरणारा उपग्रह ठरावीक वेळीच येतो. 'अ‍ॅक्वा' हा २००२ मधला उपग्रह वर्षानुवर्षं दुपारी दीडच्या सुमारास येत राहिला. शाळा तपासायला साहेब रोज मधल्या सुट्टीतच आले तर त्यांचा शेरा काय असेल? मॉडेलकडे मात्र तीसही दिवसांचे चोवीसही तास असतात. नकली उपग्रह लावल्यावर मॉडेललाही त्याच वेळी, त्याच उघडिपीच्या दिवशी तपासावं लागतं. आणि दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, जास्त चमकतात. धूळ तेवढीच असताना उपग्रहाला ती वाढल्यासारखी वाटते. तेही प्रोग्रामात लिहावं लागतं. तरीही नुसतं वरून बघून भागत नाही. म्हणून पुण्याच्या संस्थेनं २०१२ मध्ये महाबळेश्वरला ढगांच्या उंचीवरच प्रयोगशाळा थाटली, आणि 'कायपीक्स' या २००९ पासूनच्या मोहिमेत विमानं थेट ढगांत नेली.

कृत्रिम पावसाचा विषय निघाला की मला हे सगळं आठवतं. २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं मराठवाड्यात दुष्काळाची. त्याआधी २०१२ च्या दुष्काळात आमची मोसंबीची बाग वाळली. टँकरचं पाणी घालून चार महिने जगवली आणि मग वडिलांनी स्वतः कुऱ्हाड चालवली. त्यामुळे २०१५ च्या ऑगस्टमध्ये औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रडार बसवून विमानं उडाली तेव्हा गावोगाव लोक वर बघत होते, आणि मीही त्यांच्यातलाच. पण पेरल्यानंतर पाऊस पडला, तर तो पेरल्यामुळे पडला की पडणारच होता, हे त्या एका ढगाकडे बघून सांगता येत नाही. कायपीक्सच्या सोलापूरच्या प्रयोगात २०१८ आणि २०१९ मध्ये म्हणूनच काही ढगांत मिठाचे कण सोडले आणि काही ढग मुद्दाम तसेच ठेवले. वाऱ्याच्या दिशेला शंभर चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, असा निष्कर्ष २०२३ मध्ये जाहीर झाला. आकडा चांगला आहे, पण त्यासाठी मुळात योग्य ढग हवा. खंडाच्या दिवसांतल्या दुधाळ चादरीत काही पेरून उपयोग नाही, आणि दुष्काळात आभाळात बहुतेक तीच असते. माझं मत विचाराल तर असा पैसा खर्च करण्याआधी तरी त्या दिवशीच्या ढगांत थेंब केवढे आहेत, हे अस्सल आणि नकली दोन्ही उपग्रहांना विचारून घ्यावं.

अंदाजाच्या कामातही हीच युक्ती वापरतात. नोएडाचं राष्ट्रीय मध्यम पल्ल्याचं हवामान अंदाज केंद्र मॉडेलच्या अंदाजातून उपग्रहाची नकली चित्रं तयार करतं. युरोपात घडलेला 'आरटीटोव्ह' नावाचा, किरणांचं गणित झपाट्यानं करणारा प्रोग्राम त्यामागे असतो. उद्या दुपारी इन्सॅटला काय दिसेल, याचं चित्र आजच काढायचं आणि उद्या खरं चित्र आलं की शेजारी ठेवायचं. ढग वेळेआधी आलाय, मागे पडलाय की भलतीकडे उगवलाय, हे जाणत्या माणसाला एका नजरेत कळतं.

उपग्रह वर जायच्या आधीही नकली उपग्रह कामाला लागतो. युरोप आणि जपान यांचा 'अर्थकेअर' २८ मे २०२४ रोजी गेला. त्याच्या कित्येक वर्षं आधी कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी मॉडेलमधून हजारो किलोमीटर लांबीच्या आभाळाच्या पट्ट्या तयार केल्या, नकली अर्थकेअर त्यांच्यावरून फिरवला आणि त्या नकली मोजमापांवर अस्सल उपग्रहाचे प्रोग्राम घासूनपुसून घेतले. त्याच्यावर रडार आणि लेसर एकत्र आहेत. त्याचं रडार ढगातले थेंब खाली येताहेत की वर चाललेत, याचा वेगही मोजतं. ढगांच्या बाबतीत हे अवकाशातून याआधी झालं नव्हतं. काकांच्या प्रश्नाला याहून जवळचं मोजमाप मला ठाऊक नाही, फक्त तोही आपल्या गावावरून रोज जात नाही.

परवाच्या फोनवर मी काकांना एवढंच सांगितलं: चित्रात पांढरं दिसलं तर दर अर्ध्या तासाचं चित्र ओळीनं बघा. पांढरं पूर्वेकडून पसरत येत असेल, कडा पुसट असतील आणि दिवसाच्या उजेडातल्या चित्रात ते राखाडी, पारदर्शक वाटत असेल, तर तो विदर्भाचा उरलासुरला पिसारा. दोन्ही चित्रांत पांढरं, गोळीबंद, जागच्या जागी फुगणारं असेल तर तो आपला. काका थोडं थांबले. म्हणाले, "आज तर पूर्वेकडूनच यायलंय." मग म्हणाले, "बरं, शेततळ्यात आठ दिवसांचं पाणी आहे. मोटार लावतो."